आपल्या वाट्याची एक वाटी



गेल्या वर्षावासात आम्ही काही आरोग्य कार्यकर्त्या रविवारच्या वंदनेनंतर विहारात महिलांची बैठक घेत होतो. विषय होता आहार. भिंतीवर तक्ता लावला, डाळ, भाजी, अंडी, फळे यांची चित्रे दाखवली आणि सुरुवात म्हणून एक सोपा प्रश्न विचारला, "तुम्हाला स्वतःला काय खायला आवडतं?"

पहिली म्हणाली, "आमच्या ह्यांना मासे आवडतात." दुसरी म्हणाली, "पोरांना रोज बटाट्याचीच भाजी लागते." तिसरी म्हणाली, "सासूबाईंना दात नाहीत, त्यांना मऊ भात करावा लागतो." आम्ही पुन्हा विचारले, "ते झालं. तुम्हाला काय आवडतं?" सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. मग मागे भिंतीला टेकून बसलेल्या पन्नाशीच्या एक मावशी म्हणाल्या, "आम्हाला काय, जे उरतं ते आवडतं."

हसणे थांबले. त्या दिवशी तक्ता तसाच राहिला आणि बैठक भलत्याच विषयावर तासभर चालली.

आमच्यापैकी काहींनी पूर्वी दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी केली आहे. बाळंतपणाला आलेल्या बाईचे हिमोग्लोबिन सहा-सात निघाले की आम्ही तिच्यावर रागावत असू. "नऊ महिने काय खाल्लंस? स्वतःकडे लक्ष नको द्यायला?" ती मान खाली घालून गप्प बसायची. आम्हाला वाटायचे, हिला कळत नाही. मावशींच्या उत्तराने आमच्या लक्षात आले की कळत आम्हाला नव्हते. "काय खाल्लंस" असे विचारण्याऐवजी "घरात सगळ्यांचं झाल्यावर तुझ्यासाठी काय उरतं" असे विचारायला हवे होते.

म्हणून या पाठात दोन गोष्टी एकत्र घेतल्या आहेत. एक आहे मोड आलेल्या मटकीची कोशिंबीर. दुसरी आहे 'मी कोण' हा प्रश्न. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, ते पुढे वाचल्यावर कळेल.

उष्टे नाकारणारा आपला समाज

मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली. २० मार्चला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, हे आपल्या लहान मुलांनाही माहीत आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना आणखी एक गोष्ट बजावून सांगितली होती. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, दुसऱ्याच्या दारचे उष्टे-शिळे तुकडे मागणे सोडा, स्वतःची किंमत ओळखा. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले. पोटाला चिमटा काढला, पण टोपली घेऊन दुसऱ्याच्या दारात उभे राहणे बंद केले. अन्न आणि स्वाभिमान यांचे नाते आपल्या समाजाला वेगळे शिकवावे लागत नाही. आपण ते जगलेलो आहोत.

आता आपल्याच घरात डोकावू. रात्रीचे दहा वाजले आहेत. घरधनी जेवले, मुले जेवली, सासू-सासरे जेवले. घरातली बाई भांड्याच्या तळाशी राहिलेला रस्सा भाकरीवर ओतून घेते. मुलाच्या ताटात राहिलेला भात टाकवत नाही म्हणून तोच खाते. डाळ संपलेली असते, भाजीतल्या फोडी संपलेल्या असतात. अंडी चारच होती आणि खाणारे चार झाले. ती पाचवी. कोणी तिला उपाशी ठेवले नाही, कोणी नको म्हटले नाही. तरी रोज तेच होते.

गावाच्या वाड्यातले उष्टे आपण नाकारले. घरातल्या बाईच्या वाट्याला आलेले उष्टे मात्र आपल्याला दिसतच नाही. ते दिसावे म्हणून हा पाठ.

धम्मात 'मी' म्हणजे काय?

हल्ली 'स्वतःला शोधा' असे सांगणारे बाबा आणि बापू पुष्कळ झाले आहेत. डोळे मिटा, आत खोल जा, तिथे तुमचा शुद्ध आत्मा बसला आहे, असे ते सांगतात आणि त्याची फीही घेतात. तथागतांनी असा कधीही न बदलणारा आत्मा मानला नाही. ज्याला आपण 'मी' म्हणतो, तो पाच गोष्टींचा समूह आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांना पाच स्कंध म्हणतात. विहारात ही नावे आपण अनेकदा ऐकतो. आज ती त्या रात्री दहा वाजता जेवणाऱ्या बाईला लावून पाहू.

पहिला स्कंध रूप, म्हणजे शरीर. तिचे ओठ आणि नखे फिकट आहेत. जिना चढताना धाप लागते.

दुसरा वेदना, म्हणजे सुखद-दुःखद जाणीव. दुपारी चारला तिला भूक लागली होती. पोटात कालवले, डोके दुखले. तिने कोरा चहा घेतला आणि ती जाणीव दाबून टाकली.

तिसरा संज्ञा, म्हणजे एखाद्या गोष्टीला नाव देणे, ओळखणे. 'बाईने शेवटी जेवायचे असते', 'चांगली आई स्वतःसाठी काही ठेवत नाही'. ही नावे तिने आईकडून घेतली, आईने आजीकडून घेतली.

चौथा संस्कार, म्हणजे मनाच्या वळणाच्या सवयी. वीस वर्षे रोज तेच केल्यावर हात आपोआप स्वतःचे ताट सोडून सगळी ताटे वाढतो. कोणी विचारले तर तोंडातून आपोआप निघते, "मला भूकच नसते."

पाचवा विज्ञान, म्हणजे हे सगळे जाणणारी जाणीव. ती जागी असेल तर बाईला कळते की मला भूक लागली होती आणि मी ती मारली. ती झोपलेली असेल तर बाई समजते की मी अशीच आहे.

आता सांगा, "मला भूकच नसते" म्हणणारी बाई ही खरी ती आहे का? ती तर सवय बोलते आहे. तथागतांची शिकवण इथे फार उपयोगी पडते. 'मी' ही कायमची ठरलेली वस्तू असती तर आपण बदललोच नसतो. जन्माने ठरलेली जात जशी आपण नाकारली, तसेच 'मी अशीच, माझ्या नशिबी हेच' हेही नाकारता येते. कारणांमुळे जे तयार झाले ते कारणे बदलली की बदलते. स्वतःला ओळखणे म्हणजे आत लपलेला कोणी आत्मा शोधणे नव्हे. आपल्या शरीरात आणि मनात या क्षणी काय चालले आहे ते खोटे न बोलता पाहणे, आणि त्यातले आपल्याला कोणी शिकवलेले, आपण निवडलेले काय, हे वेगळे करणे, एवढेच ते आहे.

आधी पोट, मग उपदेश

काही बहिणी म्हणतील, धम्म म्हणजे त्याग, मग खाण्याचा एवढा विचार कशाला? याचे उत्तर तथागतांच्या चरित्रातच आहे. सिद्धार्थ गौतमांनी कठोर उपवास करून शरीर हाडाच्या सापळ्यासारखे केले. त्यातून ज्ञान मिळत नाही हे कळल्यावर त्यांनी तो मार्ग सोडला आणि सुजाताने दिलेली खीर खाल्ली. बरोबरचे पाच साथीदार रागावून सोडून गेले. तरी ते डगमगले नाहीत. अशक्त शरीराने विचार नीट होत नाही, हे त्यांनी स्वतःवर अनुभवले होते.

दुसरी कथा आळवी नगरातली, धम्मपदाच्या अट्ठकथेत आलेली. एक गरीब शेतकरी तथागतांचे प्रवचन ऐकायला निघाला होता, पण त्याचा बैल हरवला. बैल शोधता शोधता दिवस चढला. तो उपाशीपोटी, थकून सभेला पोहोचला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. तो आल्यावर त्यांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले. त्याचे पोट भरले, मन शांत झाले, मग धम्म सांगितला. भिक्खूंना याचे नवल वाटले. भुकेला तथागत सर्वांत मोठा रोग मानत होते. ज्याला तो रोग लागला आहे त्याच्या कानात उपदेश शिरत नाही.

जास्त खाणाऱ्यांसाठीही एक कथा आहे. कोसलचा राजा प्रसेनजित भरपेट भात खाऊन धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला जेवताना भान ठेवण्याबद्दल चार ओळी सांगितल्या. राजाने त्या सुदर्शन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावल्या आणि रोज जेवताना म्हणायला सांगितल्या. हळूहळू राजाचा आहार मोजका झाला आणि अंग हलके झाले. ज्यांना साखरेचा आजार आहे, वजन वाढले आहे, त्यांनी ही कथा लक्षात ठेवावी. बाबासाहेबांनाही मधुमेहाने फार त्रास दिला होता.

रक्त कमी म्हणजे काय?

२०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी ५७ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक महिला त्यात येतात. म्हणजे विहारात दहा जणी बसल्या असतील तर त्यातल्या पाच-सहा जणी.

गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. गरोदरपणात ते ७ च्या खाली गेले तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. लक्षणे अशी: लवकर थकवा येणे, धाप लागणे, छातीत धडधडणे, चक्कर, डोकेदुखी, चिडचिड, पापणीच्या आतला भाग फिकट दिसणे. काही जणींना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. ही वाईट सवय म्हणून त्यांना हसू नये. ते बऱ्याचदा लोह कमी झाल्याचे लक्षण असते.

आता एक आकडा नीट लक्षात ठेवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि प्रौढ बाईला २९ मिलिग्रॅम. मासिक पाळीत रक्त जाते म्हणून तिची गरज पुरुषाच्या दीडपट आहे. जिला घरात सर्वांत जास्त लोह लागते, तीच सर्वांत शेवटी, सर्वांत कमी डाळ-भाजी असलेले ताट घेते. दुखणे अंगावर काढण्याची सुरुवात इथून होते.

मोड आलेल्या मटकीची कोशिंबीर

'सॅलड' म्हटले की आपल्याला मोठ्या हॉटेलातली काचेची वाटी आठवते. पण आपल्या आज्या भाकरीबरोबर काय खात होत्या? फोडलेला कांदा, मुळा आणि त्याचा पाला, कोवळी मेथी, हरभऱ्याचा ओला पाला, शेतातली घोळ, वर शेंगदाण्याची चटणी. ते आपले सॅलडच होते. बस्तीत आल्यावर शेत सुटले, पाला सुटला आणि दहा रुपयांची वेफर्सची पुडी घरात आली. म्हणून हा पदार्थ नवा म्हणून देत नाही. आपलाच आहे, तो परत आणायचा आहे.

पाच माणसांसाठी साहित्य: मटकी १ वाटी, शेंगदाणे अर्धी वाटी, गाजरे २, काकडी १, टोमॅटो २, कांदा १, मूठभर कोथिंबीर, हिरवी मिरची १, मोठे लिंबू १, भाजलेल्या जवसाची पूड २ चमचे (असेल तर), तेल १ चमचा, मोहरी, जिरे, हळद, चवीपुरते मीठ.

मोड आणणे: मटकी निवडून तीन वेळा धुवा. रात्री भरपूर पिण्याच्या पाण्यात भिजत घाला. सकाळी पाणी काढून टाका, स्वच्छ सुती कापडात सैलसर बांधा आणि चाळणीत झाकून ठेवा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात. थंडीत दीड दिवसही लागतो. मधे एकदा पाण्याचा हबका मारा. चिकटपणा आला किंवा आंबूस वास आला तर ती मटकी वापरू नका.

वाफवणे: मोड आलेली मटकी चाळणीत ठेवून पाच ते सात मिनिटे वाफवा. कच्चे मोड चांगले, असे बरेच जण सांगतात. पण मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही आवडते, आणि बस्तीत नळाला पाणी कसे येते ते आपल्याला माहीत आहे. गरोदर बाई, लहान मुले, म्हातारी माणसे यांना कच्चे मोड देऊच नयेत. वाफवून खाणे सर्वांनाच बरे.

कृती: गाजर, काकडी, टोमॅटो चिरण्याआधी वाहत्या किंवा स्वच्छ पाण्याने नीट धुवा, चिरल्यावर धुऊ नका. शेंगदाणे भाजून जाडसर भरडा. वाफवलेली मटकी कोमट झाली की त्यात किसलेले गाजर, बारीक चिरलेली काकडी, टोमॅटो, कांदा घाला. चमचाभर तेलात मोहरी, जिरे, हळद, मिरचीची फोडणी करून वर घाला. जेवायला बसताना शेंगदाण्याचा भरडा, जवसाची पूड, कोथिंबीर, मीठ घाला आणि शेवटी लिंबू पिळा. करून ठेवू नका, दोन तासांत संपवा.

प्रत्येक गोष्ट का घातली ते माहीत असावे. १०० ग्रॅम कोरड्या मटकीत साधारण २० ते २३ ग्रॅम प्रथिने असतात आणि लोहही असते. भिजवून मोड आणल्याने डाळीतले लोह अडवून धरणारे घटक कमी होतात. लिंबातले क जीवनसत्त्व डाळी-पालेभाज्यांतले लोह रक्तात शोषले जायला मदत करते. ते उष्णतेने नष्ट होते, म्हणून लिंबू शेवटी पिळायचे. गाजरातून मिळणारे अ जीवनसत्त्व डोळ्यांसाठी. ते अंगी लागायला थोडे तेल हवे, म्हणून फोडणी. शेंगदाण्यांनी प्रथिने वाढतात आणि पोट जास्त वेळ भरलेले राहते.

मटकी नसेल तर मूग, चवळी, हरभरा, मसूर, जे स्वस्त असेल ते घ्या. गाजर महाग झाले तर मुळा, कोबी, बीट घ्या. कैरीच्या दिवसांत लिंबाऐवजी कैरी किसा. मेथी, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला घरात येईल त्या दिवशी त्याची भाजी करा आणि त्यावरही लिंबू पिळा. मधुमेह असणाऱ्यांनी अर्धी भाकरी किंवा थोडा भात कमी करून ही कोशिंबीर वाढवावी. रक्तदाब असेल तर मीठ घालूच नका, लिंबू-मिरचीने चव येते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच डाळी-कडधान्यांचे प्रमाण ठरवावे.

यात उकडलेले अंडे चिरून घातले तर उत्तमच. अंडी, सुकट, मासे, मटण खाणाऱ्या आपल्या घरांत काही मुले आता डबा लपवून खातात, कारण शाळेत कोणीतरी नाक मुरडलेले असते. त्यांना सांगा, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मांस-माशांतले लोह डाळींतल्या लोहापेक्षा अंगाला सहज लागते आणि ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. भिक्खूंना मांस पूर्ण बंद करावे, अशी मागणी देवदत्ताने केली होती. तथागतांनी तो नियम सर्वांवर लादला नाही. जे शाकाहारी आहेत त्यांनी दूध-दही घ्यावे. कोणी कोणाच्या ताटाकडे बघून त्याची पायरी ठरवू नये.

चहाची वेळ बदला

जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा जेवणातले लोह अडवतो. लिंबू जे कमावून देते ते चहा घालवतो. चहा सोडायला आम्ही सांगत नाही, आम्हीही सोडलेला नाही. फक्त जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवा. आणि भूक मारण्यासाठी चहा घेऊ नका. चारला भूक लागली तर ती भूक आहे. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे खा, मग चहा घ्या.

खाताना सती

सती म्हणजे भान. आनापानसतीत आपण श्वासाकडे लक्ष देतो, तसेच घासाकडे देता येते. त्यासाठी वेगळा वेळ काढायचा नाही, कारण जेवायचे तर आहेच.

स्वयंपाक झाला की पहिल्यांदा पाच वाट्या मांडा, घरात माणसे पाच असतील तर. कोशिंबीर पाचही वाट्यांत सारखी वाढा. त्यात स्वतःची वाटीही आली. ती झाकून ठेवा, कोणी अजून मागितले तरी तिला हात लावायचा नाही. मग जेवताना उभ्याने किंवा ओट्याला टेकून नको, बसा. पहिले पाच घास न बोलता, टीव्ही-मोबाईल न बघता, सावकाश चावून खा. आंबट लागले, गोड लागले, करकरीत लागले, ते नुसते जाणा. मनात विचार येईल, 'ही वाटी धाकट्याला दिली असती तर'. तो विचारही जाणा. तो आला म्हणजे तुम्ही वाईट आई नाही, आणि तो आला म्हणून वाटी द्यायलाही नको. धाकट्याची वाटी त्याला मिळालेली आहे.

हे लिहायला सोपे वाटते. बैठकीतल्या एक ताई पुढच्या रविवारी येऊन म्हणाल्या, "पहिल्या दिवशी घास उतरेना. चोरी केल्यासारखं वाटलं." स्वतःच्या घरात, स्वतः कष्टाने आणलेल्या अन्नातला स्वतःचा वाटा खाताना चोरी केल्यासारखे का वाटावे? तिने तो प्रश्न स्वतःला विचारला, तिथेच तिचा आत्मशोध सुरू झाला. चौथ्या दिवशी तिला आठवले की लहानपणी आजोळी तिला ओल्या शेंगा फार आवडायच्या. त्या आठवड्यात तिने बाजारातून पाव किलो ओल्या शेंगा आणल्या. स्वतःसाठी. घरात सगळ्यांनी खाल्ल्या, पण आणल्या तिच्यासाठी.

कोशिंबीर पुरेशी नाही

खोटी आशा दाखवणे आमच्या शीलात बसत नाही. एकदा रक्त फार कमी झाले की नुसत्या आहाराने ते भरून निघत नाही. पुढील गोष्टी कराच.

१. सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडे चौकशी करून वर्षातून एकदा तरी हिमोग्लोबिन तपासा. मुलींचेही तपासा. आकडा वहीत लिहून ठेवा.

२. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक लोह-फॉलिक ॲसिडची गोळी १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची असते. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नाही. कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नका. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या. शौचाला काळी होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नका.

३. पाळीत फार रक्त जात असेल, मूळव्याधीचे रक्त पडत असेल, पोटात जंत असतील तर आधी ते कारण बरे करायला हवे. लाजू नका, दाखवा.

४. सिकलसेल हा आनुवंशिक आजार विदर्भात आदिवासींबरोबर आपल्या समाजातही आढळतो. घरात कोणाला तो असेल, सांधे वारंवार दुखत असतील, कावीळ होत असेल तर लग्नाआधी आणि गरोदरपणात तपासणी करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत.

५. रेशनचा हक्क सोडू नका. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला ५ किलो धान्य आहे. त्याच कायद्यात रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख म्हणून घरातली १८ वर्षांवरील सर्वांत मोठी बाई धरली आहे. कार्डावर जी प्रमुख आहे तिचे ताट घरात शेवटचे का, हाही विचार करा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी अंगणवाडीतला आहार घ्या, तो भीक नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे.

घरातल्या बांधवांना

हे पान बायकांचे म्हणून उलटू नका. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की कोणत्याही समाजाची प्रगती ते त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. तुमच्या घराची प्रगती आज रात्री मोजून पाहा. जेवायला बसण्याआधी भांड्यात डोकावा आणि विचारा, "तुझं वाढलंस का?" ती म्हणेल, "तुम्ही जेवा, मी घेते मागाहून." तेव्हा थांबा. तिचे ताट तुम्ही वाढा. गाजर किसायला आणि लिंबू पिळायला कोणती पदवी लागत नाही. मुलगे हे बघतील आणि शिकतील. मुलीही बघतील, आणि "मला भूकच नसते" हे वाक्य त्या शिकणार नाहीत.

विहारात करायचा सात दिवसांचा अभ्यास

रविवारी चार-पाच जणींनी मिळून मटकी भिजत घाला आणि हा पाठ मोठ्याने वाचा. त्यानंतर सात दिवस प्रत्येकीने वहीत रोज तीन ओळी लिहाव्यात. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगून लिहून घ्यावे.

पहिली ओळ: आज मी कितव्या नंबरला जेवले आणि माझ्या ताटात काय होते?

दुसरी ओळ: आज भूक लागली तेव्हा मी काय केले?

तिसरी ओळ: आज मी "मला नको" कधी म्हटले, आणि ते खरे होते का?

पुढच्या रविवारी वह्या घेऊन बसा. कोणी कोणाला नावे ठेवू नका, सल्ला देऊ नका, फक्त ऐका. शेवटी पुन्हा तोच प्रश्न विचारा, तुम्हाला काय आवडतं?

महापरिनिब्बाणाआधी तथागतांनी आनंदांना शिकवले की आपला आधार आपणच व्हायचे, दुसऱ्याच्या भरवशावर राहायचे नाही. दिव्याला जळायला तेल लागते. त्याच्या वाट्याचे तेल त्याला न देता उजेडाची अपेक्षा करणे न्यायाचे नाही.

त्या मावशींचे पुढे काय झाले हे सांगायचे राहिले. तीन आठवड्यांनी त्या बैठकीला आल्या, हिमोग्लोबिन तपासून आल्या होत्या. आठ पूर्णांक चार. गोळ्या सुरू झाल्या होत्या. पिशवीतून त्यांनी झाकणाचा छोटा डबा काढला आणि म्हणाल्या, "ही माझ्या वाट्याची. मागू नका कोणी." सगळ्या हसल्या. त्यांनी मात्र मांडी घातली, डबा उघडला आणि सावकाश खायला सुरुवात केली.

आज रात्री तुमच्या घरी मटकी भिजत घाला.

जय भीम! नमो बुद्धाय!